डोसनंतर लेकीला झटका आला, त्याची नोंद करायला गेलो तेव्हाचा अनुभव

गोदाकाठच्या एका गावात माझं झेरॉक्सचं अन् ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. पीक विमा, केवायसी, स्कॉलरशिप, जातीचा दाखला, रेशनकार्डात नाव चढवणं असे दिवसाकाठी तीस-चाळीस फॉर्म हाताखालून जातात. त्यामुळं कुठलीही सरकारी सेवा मी तिच्या फॉर्मवरून जोखतो. काय विचारलंय, कशासाठी विचारलंय, पोचपावती मिळते का, अन् शेवटी उत्तर घरापर्यंत येतं का.

आज ज्या सेवेबद्दल लिहितोय तिचं नाव आमच्या भागात फार कमी आईबापांनी ऐकलं असेल. लस दिल्यावर लेकराला काही त्रास झाला तर तो सरकारदरबारी नोंदवायची सोय. आरोग्य खात्यातली माणसं तिला एईएफआय म्हणतात, म्हणजे लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटना. गेल्या श्रावणापर्यंत मलाही ती माहीत नव्हती.

मंगळवार होता, डोसचा दिवस. अंगणवाडीच्या खोलीत सत्र होतं. आमची छकुली दीड वर्षाची. तिला त्या दिवशी उजव्या दंडात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डाव्या मांडीत डीपीटीचा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला अन् धनुर्वात यांवरच्या लसीचा, पहिला बूस्टर, तोंडात पोलिओचे थेंब अन् व्हिटॅमिन ए, असं सगळं मिळालं. सिस्टरनं माझ्या बायकोला कोणती लस कशासाठी आहे ते सांगितलं, ताप येऊ शकतो अन् आला तर काय करायचं ते सांगितलं, पुढची तारीख सांगितली, कार्ड जपून ठेवा म्हणाली. अर्धा तास बसवूनही ठेवलं. हे मी आधीच लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी तिच्यावर बोट ठेवणार नाही.

संध्याकाळी अंग तापलं. औषध पाजलं, ताप उतरला, लेकरू झोपलं अन् त्याच्यामागं आम्हीही झोपलो. माझ्या मायला जाग आली ती बाज हलतेय म्हणून. लाईट लावला तर छकुलीचे डोळे वर गेलेले, हातपाय एका लयीत झटकत होते, ओठ निळसर पडले होते. शेजारपाजार गोळा झाला. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा फोडून आणला, कुणी दातखीळ सोडवायला चमचा आणला. चमचा मी तोंडात जाऊ दिला नाही. का, ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं. दोन मिनिटांत झटका थांबला अन् लेकरू एकदम लुळं पडलं. ते लुळं पडणं झटक्यापेक्षा भयंकर वाटलं. बायकोनं तिला छातीशी धरलं होतं अन् ती सारखी एकच विचारत होती, श्वास चालू आहे का बघा.

भर पावसात ऑटोनं तालुक्याच्या गावी गेलो. एका खासगी दवाखान्यात दोन दिवस ॲडमिट होती. उपचार चांगले झाले, त्याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं माझ्या खिशातला पेन ओढला तेव्हा बायको पहिल्यांदा रडली.

खटकलं ते सुट्टी घेताना. डिस्चार्ज कार्ड वाचायची मला सवय आहे, कारण विम्याच्या कामासाठी लोक रोज घेऊन येतात. त्यावर तापातला झटका असं निदान होतं, औषधं होती, तारखा होत्या. पण त्याच दिवशी सकाळी लेकराला डोस दिला होता याचा एक शब्द नव्हता. ॲडमिट करताना मी तीन वेळा सांगितलं होतं. डॉक्टरांना म्हणलं, एवढं लिहून द्या. ते म्हणाले, "तापामुळं झटका आला, लसीचं कशाला लिहायचं? उगी सरकारी माणसं मागं लागतील." मी विचारलं, हे कुठं कळवावं लागतं का? ते म्हणाले, होतंच असं, विसरून जा.

नंतर मला कळलं की लसीनंतर लेकराला दवाखान्यात ठेवायची वेळ आली, तर ती घटना गंभीर धरतात, अन् ती खासगी डॉक्टरनंही कळवणं अपेक्षित आहे. लसीमुळंच झालं हे आधी सिद्ध करायची गरज नसते. लसीनंतर झालं, एवढं पुरतं. कशामुळं झालं ते ठरवायला वेगळी समिती असते. त्या दवाखान्याला या बाबतीत मी पाचपैकी एकही तारा देणार नाही. दोन दिवस लेकराला सांभाळलं त्याचे पाच अन् कळवण्याचे शून्य, अशी माझी नोंद.

घरी आलो तर आशाताई दारात. तिला गावातून कळलं होतं. तिनं विचारपूस केली, कार्ड बघितलं अन् तिथूनच सिस्टरला फोन लावला. तासाभरात सिस्टर स्कूटीवर आली. चपला काढतानाच तिचा चेहरा उतरलेला दिसत होता. छकुलीला जवळ घेतलं, मांडी दाबून बघितली, दंड बघितला, मग माझ्याकडं वळून म्हणाली, "दादा, माझं काही चुकलं नाही हो. नवीन सिरिंज होती, बाटलीवर तारीख टाकलेली होती. हे वर गेलं तर माझ्यावर येईल."

मला तिची भीती समजली. आमच्याकडं कागद वर गेला की तो कुणाच्या तरी विरोधात गेला, असाच अर्थ लावतात. मी म्हणलं, "ताई, तुमचं चुकलं असं मी म्हणतच नाही. झालंय ते लिहा एवढंच म्हणतो. नाही लिहिलं तर गाव आपल्या मनानं लिहील." कारण तोवर गावानं लिहायला सुरुवात केलीच होती. दवाखान्यातून यायच्या आधीच वेशीवर चर्चा होती की डोसनं पोरगी गेली.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग पदराला हात पुसून वही काढली अन् प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडमला फोन केला. अख्ख्या व्यवस्थेतलं सगळ्यात अवघड काम तिनं त्या क्षणी केलं असं मला वाटतं. बाकीचे सगळे नंतर आले, पण सुरुवात तिच्या फोनपासून झाली. सिस्टरला पाचपैकी पाच.

डॉक्टर मॅडमनी दुसऱ्या दिवशी केंद्रावर बोलावलं अन् माझ्यासमोर फॉर्म भरला. इंग्रजीतला फॉर्म आहे, पण त्या एकेक रकाना मराठीत विचारत होत्या. लेकराचं नाव, जन्मतारीख, आईबापाचं नाव, पत्ता, फोन. मग लस कुठं दिली, किती वाजता दिली, कोणकोणती, कितवा डोस, कंपनी कोणती, बॅच नंबर काय, मुदत कधीपर्यंत. गोवर-रुबेलाची पावडर ज्या पाण्यात कालवतात त्या पाण्याचाही बॅच नंबर वेगळ्या रकान्यात. अन् मग पहिलं लक्षण किती वाजता दिसलं, तास अन् मिनिटं.

मी आजवर हजारो फॉर्म भरले, पण वेळेला एवढं महत्त्व देणारा फॉर्म बघितला नव्हता. बायको म्हणाली बारा वाजले असतील, माय म्हणाली एक. मी फोन काढून बघितला. ऑटोवाल्याला लावलेला पहिला कॉल रात्री 11 वाजून 47 मिनिटांचा होता. डोस दिला होता सकाळी साडेअकराच्या सुमाराला. म्हणजे बारा तास. मॅडमनी पेन थांबवून समजावलं की हे बारा तास महत्त्वाचे आहेत. डीपीटीतल्या डांग्या खोकल्याच्या घटकामुळं ताप येतो तो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. गोवर-रुबेलाचा ताप आलाच तर साधारण आठवड्यानं येतो, कारण त्यातला जिवंत पण दुबळा केलेला विषाणू अंगात वाढायला तेवढा वेळ लागतो. दोन्ही लसी एकाच सकाळी दिल्या तरी नुसत्या घड्याळावरून त्या वेगळ्या काढता येतात. हे ऐकल्यावर त्या रकान्याबद्दल मला फार आदर वाटला.

बॅच नंबरचं मात्र अवघड झालं, अन् तिथं त्या खासगी दवाखान्याच्या गप्प बसण्याची किंमत मला कळली. डीपीटीची उघडलेली बाटली नियमानं जपून ठेवली तर चार आठवड्यांपर्यंत चालते. ती केंद्रावरच्या फ्रीजमध्ये होती, वर सिस्टरच्या अक्षरात तारीख अन् वेळ होती. मॅडमनी ती बाजूला काढून ठेवली अन् वापरू नका म्हणून चिठ्ठी चिकटवली. गोवर-रुबेलाची बाटली कालवल्यापासून चार तासांच्या आत संपवावी लागते. उरलेली टाकायची, पण लगेच नाही. कुणाला त्रास झाला तर तपासता यावी म्हणून ती जास्तीत जास्त 48 तास ठेवतात, अन् त्याच्या आत पुढचं सत्र असलं तर त्याच्या आधी टाकून देतात. आम्ही बोललो तेव्हा ते 48 तास उलटून गेले होते. बाटली गेली होती, फक्त साठ्याच्या रजिस्टरात नंबर होता. दवाखान्यानं पहिल्या रात्री एक फोन केला असता तर दोन्ही बाटल्या हाताशी असत्या. ज्यांना कुणाला लेकराच्या डोसनंतर काही वेगळं दिसेल, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवा. सकाळ होऊ द्या, पण परवा होऊ देऊ नका.

फॉर्म भरल्यापासून 24 तासांत तो जिल्ह्याला जातो, तिथून पुढच्या 24 तासांत राज्याला अन् दिल्लीला. मी म्हणलं पोचपावती द्या. अशी पावती आईबापाला द्यायची पद्धत नाही म्हणाल्या. मग मी केसचा नंबर मागितला. जिल्ह्याहून नंबर पडल्यावर त्यांनी तो फोनवर सांगितला अन् मी लसीकरणाच्या कार्डाच्या मागं लिहून ठेवला. हा नंबर मागितल्याशिवाय कुणी देत नाही. मागा.

चौथ्या दिवशी जीप आली. जिल्ह्याचे लसीकरणाचे अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, एक बालरोगतज्ज्ञ, डॉक्टर मॅडम अन् सिस्टर. गल्लीत गर्दी झाली. माझा चुलता दारातून ओरडून विचारत होता, केस केली का रे कुणावर? पहिली पाच मिनिटं मलाही वाटलं की आपण भलतंच ओढवून घेतलं. पण बालरोगतज्ज्ञ बाजेवर टेकले, छकुलीला समोर घेतलं अन् तिच्याशी पेनच्या टोपणानं खेळायला लागले. खेळता खेळताच तिची नजर, मान, पकड सगळं तपासलं. घरात पूर्वी कुणाला फिट यायची का, तिला आधी कधी तापात झटका आला होता का, त्या आठवड्यात सर्दी-जुलाब होते का, हे मायला विचारलं. माय म्हणाली, ह्याच्या लहानपणी ह्यालाच आली होती एकदा, तापात. मला हे पस्तीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

तोवर तालुक्याचे साहेब सिस्टरसोबत बाकीच्या घरी गेले होते. त्या मंगळवारी नऊ लेकरांना डोस मिळाले होते. नऊच्या नऊ घरी जाऊन आले. दोघांना साधा ताप येऊन गेला होता, एकाच्या मांडीला गाठ होती, बाकी ठणठणीत. एकाच बाटलीतून दिलेल्या बाकीच्या लेकरांना काही नाही, म्हणजे बाटलीत किंवा हाताळणीत गडबड असायची शक्यता कमी होते, असं त्यांनी सांगितलं. मग केंद्रावर जाऊन फ्रीजची वही बघितली. लस 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते अन् दिवसातून दोनदा तापमान लिहावं लागतं. डीपीटी गोठली तर खराब होते.

बालरोगतज्ज्ञांनी निघायच्या आधी जे समजावलं ते मला इतर कुठंही ऐकायला मिळालं नव्हतं. लसीनंतर त्रास झाला तर त्याची पाच कारणं असू शकतात, म्हणाले. लसीच्या स्वतःच्या घटकामुळं, लस तयार करताना राहिलेल्या दोषामुळं, देणाऱ्याच्या चुकीमुळं, सुईच्या भीतीमुळं, किंवा लसीशी संबंध नसलेलं काहीतरी नेमकं त्याच वेळी झाल्यामुळं. मला एकेकाचं उदाहरण लगेच आठवत गेलं. 2018 च्या नोव्हेंबरात शाळाशाळांत गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली तेव्हा माझी पुतणी रांगेत उभ्या उभ्याच चक्कर येऊन पडली होती, सुई टोचायच्या आधी. ती भीती. अन् 2021 च्या जानेवारीत पोलिओच्या मोहिमेत यवतमाळ जिल्ह्यात बारा लेकरांना थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं होतं, ती चूक. दोन्हीकडं आईबापाला दिसतं ते एकच: डोसच्या दिवशी लेकरू आजारी पडलं. कोणती गोष्ट कशामुळं झाली हे शोधायचं असेल तर आधी ती कागदावर आली पाहिजे. नाहीतर चूकही झाकली जाते अन् चांगली लसही बदनाम होते.

पुढच्या वेळी काय करायचं तेही त्यांनी सांगितलं. झटका आला तर लेकराला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, काही हुंगवायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर चालला तर थांबायचं नाही, 108 ला फोन. सहा महिने ते पाच वर्षं या वयात काही लेकरांना तापात असा झटका येतो, अन् थोड्या वेळाच्या साध्या झटक्यानं मेंदूला इजा होत नाही. तापाचं औषध लेकराच्या वजनावर ठरतं, अन् आमचं चुकलं ते इथंच. संध्याकाळी एकदा पाजून आम्ही निश्चिंत झालो, रात्री परत बघितलं नाही. त्यांनी रागावून नाही सांगितलं. कागदावर लिहून दिलं, किती अन् किती तासांनी.

मी विचारलं, पाच वर्षांची झाली की डीपीटीचा दुसरा बूस्टर आहे, तो द्यायचा का? ते म्हणाले, द्यायचा, अशा झटक्यामुळं तो टाळायचं कारण नाही, फक्त त्या दिवशी तापावर लक्ष ठेवायचं. बायको काहीच बोलली नाही. बोलली माझी माय. तिचा धाकटा भाऊ घटसर्पानं गेला. गळ्यात पडदा धरला अन् श्वास कोंडून गेला, ती सात वर्षांची होती, तिनं बघितलंय. ती म्हणाली, "डोस द्यायचाच. पण रात्री मी जागी राहणार." जिल्ह्याहून आलेल्या पथकाला पाचपैकी साडेचार. अर्धा यासाठी कापला की जीपमधून उतरल्यावर दारात जमलेल्या माणसांना कुणीच दोन वाक्यं सांगितली नाहीत. ती सांगितली असती तर पुढच्या मंगळवारी अंगणवाडीत फक्त तीन लेकरं आली नसती.

त्या तीनच लेकरांचा आकडा ऐकला अन् मला फार वाईट वाटलं. मग पुढच्या सत्राच्या आदल्या संध्याकाळी मी, आशाताई अन् कडेवर छकुली असे घरोघर फिरलो. छकुली हिंडती-फिरती दिसली की निम्मं काम होत होतं. लोक तिचीच मांडी दाबून बघायचे.

मधल्या काळात मी दुसरी वाटही बघून ठेवली. आपल्या देशात औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणारा एक कार्यक्रम 2010 पासून चालू आहे, त्याचं केंद्र गाझियाबादला आहे. त्यांचा टोल फ्री नंबर 1800-180-3024, कामाच्या दिवशी सकाळी 9 ते संध्याकाळी साडेपाच. सामान्य माणसानं भरायचा फॉर्मही आहे अन् तो मराठीत मिळतो. मी तो छापून घेतला अन् माझ्या नेहमीच्या सवयीनं आधी बारीक अक्षरं वाचली. त्यात स्पष्ट म्हणलंय की ही माहिती देणं ऐच्छिक आहे, त्याचा कायदेशीर परिणाम काही नाही, रुग्णाची सुरक्षितता वाढावी एवढाच हेतू आहे. हे वाक्य मला आधी माहीत असतं तर सिस्टर दारात उभी होती तेव्हा तिच्या हातात दिलं असतं. फॉर्म सुटसुटीत आहे. रुग्णाचं पूर्ण नाव नाही, फक्त आद्याक्षरं विचारतात. औषधाचं नाव, मुदत, कधी घेतलं, त्रास कधी सुरू झाला, कधी थांबला, किती झाला, दवाखान्यात ठेवावं लागलं का, अन् शेवटी आपल्या शब्दांत लिहायला जागा. गोळ्या-औषधांसाठी ही वाट उत्तम. लेकरांच्या डोससाठी मात्र आधी आशाताई-सिस्टरकडंच जा, कारण बाटली बाजूला काढणारा अन् बाकीची घरं बघणारा माणूस तिथूनच निघतो. फॉर्मला चार तारे.

आता निकालाबद्दल. अन् माझी खरी तक्रार इथं आहे.

पथक म्हणालं होतं, सगळी कागदपत्रं जमा झाली की राज्याची समिती बसते अन् लसीचा संबंध कितपत आहे ते ठरवते, तीन-साडेतीन महिने धरून चाला. मी दिवाळी धरून चाललो. दिवाळी गेली. सोयाबीन विकून झाला, कापसाची वेचणी संपत आली, फोन नाही. डिस्चार्ज कार्डाची प्रत, तपासण्यांचे कागद, काही मागितलं की मी त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवत होतो. म्हणजे माझा नंबर त्यांच्याकडं होता, चालू होता. जिल्ह्याच्या कार्यालयात दोनदा गेलो. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर. दुसऱ्यांदा टेबलावरच्या माणसानं विचारलं, "लेकरू बरं आहे ना? मग निकाल कशाला पाहिजे?"

मला त्या प्रश्नाचा राग आला नाही, फार दुःख झालं. माझ्या घरात दोन बायका रात्रीतून उठून लेकराच्या कपाळाला हात लावून बघत होत्या, पाच महिने. लेकरू बरं आहे हे त्यांनाही दिसत होतं. त्यांना कळायचं होतं ते हे की त्या रात्री काय झालं, अन् कुणी जाणत्या माणसानं ते नीट बघून सांगितलंय का. आईबापासाठी निकाल हाच उपचाराचा शेवटचा डोस असतो.

तिसऱ्यांदा कार्डामागचा नंबर दाखवला तेव्हा एका बाईंनी संगणकावर शोधून सांगितलं. निकाल होऊन महिना झाला होता. लसीशी सुसंगत, लसीच्या घटकामुळं येऊ शकणारी, माहितीतली प्रतिक्रिया. म्हणजे सिस्टरची चूक नाही, बाटली खराब नाही, आमच्या लेकराला कुठला लपलेला आजार नाही. डीपीटीनं ताप, तापानं झटका. त्या बाईंनी उठून मला पाणी दिलं, समजावलं, अन् गंभीर केसेसचे निकाल केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव न देता नुसत्या नंबरानं टाकतात हेही सांगितलं. पण ती यादी इंग्रजीत असते अन् ती तिथं आहे हे बाजेवर बसलेल्या मायला कोण सांगणार? घरी येऊन मी तिला अन् बायकोला समोर बसवून तो निकाल तीन वेळा सांगितला. सिस्टरलाही फोन केला. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही, मग ती म्हणाली, "दादा, मला कुणी कळवलंच नव्हतं हो." तिचं नाव त्या फॉर्मवर होतं. महिनाभर ती विनाकारण धास्तीत होती.

निकाल कळवण्याला पाचपैकी एक. तोही त्या पाणी देणाऱ्या बाईंमुळं.

विम्याचा हप्ता कापला की शेतकऱ्याला मेसेज येतो, गॅसची टाकी बुक झाली की मेसेज येतो. ज्या फॉर्मवर आईबापाचा मोबाईल नंबर लिहून घेतात, त्याच नंबरावर निकालाच्या दोन मराठी ओळी का जात नाहीत, हे मला खरंच समजत नाही. एवढी चांगली तपासणी होते, नऊ घरं फिरतात, मिनिटांचा हिशोब ठेवतात, अन् शेवटचं पाऊल टाकत नाहीत. गावात जी भीती पसरते ती नेमकी या राहिलेल्या पावलात पसरते.

दुकानात आता मी मराठी फॉर्मच्या दहा प्रती छापून ठेवतो, पैसे घेत नाही. चैत्रात ऊसतोडीहून परतलेलं एक जोडपं आधारच्या कामाला आलं होतं. चार महिन्यांच्या लेकराच्या डाव्या मांडीवर लिंबाएवढी लाल गाठ, हात लावला की रडायचं. कारखान्यावर कोप्यांत राहत होते तिथंच पेंटाचा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीचा, तिसरा डोस दिला होता, अन् दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर गावाकडं निघाला. कुणाला दाखवायचं तेच त्यांना कळत नव्हतं, कारण देणारी नर्सबाई दीडशे किलोमीटरवर. कार्ड मात्र आईनं पिशवीत जपलं होतं. मी सिस्टरला फोन केला. ती संध्याकाळी आली, लेकराला लगेच केंद्रावर नेलं, गाठीत पू होता, तो डॉक्टर मॅडमनी काढला. अन् डोस दुसऱ्या जिल्ह्यात दिला होता तरी नोंद इथंच घेतली, कार्डावरची तारीख अन् ठिकाण बघून. लेकराची आई भीत भीत विचारत होती की त्या नर्सबाईची नोकरी तर जाणार नाही ना. सिस्टर वहीत लिहिता लिहिता म्हणाली, "नाही हो माय. गाठ कशी झाली ते बघायला लिहितेय मी. तिथल्या दुसऱ्या लेकरांनाही झाली असेल तर त्यांनाही कळायला पाहिजे."

जिल्ह्याच्या कार्यालयाला मी गेल्या महिन्यात लेखी अर्ज दिलाय की निकाल लागला की आईबापाला अन् लस देणाऱ्या सिस्टरला, दोघांनाही, मराठीत मेसेज जावा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक अन् शिक्का घेतलाय. अजून उत्तर नाही. आलं की हे तारे बदलीन.